शिडाच्या नौकेवरील शौचकूप

शिडाची नौका विकत घेणार असें आम्हीं चारचौघांत सांगितलें, तेव्हां स्नेह्यांनीं जे प्रश्न विचारले ते बहुतेक शोभेचे होते. तिचें नांव काय ठेवणार, शिडें कोणत्या रंगाचीं, वारा पडला म्हणजे काय करणार, सर्वांना पोहतां येतें काय, इत्यादि. तिच्यावर शौचाची सोय काय, हें मात्र कोणींही विचारलें नाहीं. विषयच असा आहे कीं, तो सभ्य मंडळींत निघत नाहीं; आणि निघालाच तर एक जण हंसतो, दुसरा खिडकीबाहेर पाहतो आणि तिसरा चहाची आठवण करून देतो. परंतु नौकेवर दोन रात्री काढलेल्या कोणासही विचारावें. वारा पडला तर नौका इंजिनावर चालते, इंजिन बंद पडलें तर शिडावर चालते. पण या एका सोयीवांचून वडील माणसें तिच्यावर एक दिवसही सुखानें राहूं शकत नाहींत. म्हणून वाचकांनीं क्षणभर नाक न मुरडतां आमच्याबरोबर त्या अडीच फूट रुंदीच्या कोठडींत यावें, अशी विनंति आहे.

आम्ही राहतों तें गांव अमेरिकेच्या मेरीलंड संस्थानांत, चेसापीक उपसागराच्या कांठीं आहे. हा उपसागर सुमारें २०० मैल लांब. पण त्याची सरासरी खोली अवघी २१ फूट, म्हणजे जेमतेम साडेतीन पुरुष. कोंकणच्या खाडीकांठीं वाढलेल्या माणसाला येथील खेकडे, कालवें आणि ओहोटीचा चिखल पाहून परकें वाटत नाहीं. आमची नौका ३० फूट लांबीची, एका डोलकाठीची आणि वयानें चाळिशी उलटलेली. तिच्यांत शौचकूप होता, पण तो जुन्या पद्धतीचा. एका भोंकांतून समुद्राचें पाणी आंत घ्यावयाचें, हाताच्या पंपानें भांडें धुवावयाचें, आणि दुसऱ्या भोंकांतून सारें समुद्रांत लोटावयाचें. वस्तु दृष्टिआड झाली कीं प्रश्न मिटला, असा या रचनेचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब पुरातन आहे. इंग्रज खलाशी नौकेवरील शौचकूपास आजही 'हेड', म्हणजे 'डोकें', म्हणतात. जुन्या जहाजांवर ही सोय अगदीं पुढच्या टोंकाला, नाळीपाशीं असे. शिडाचें जहाज बहुधा वारा पाठीशीं घेऊन चाले, त्यामुळें दुर्गंध पुढच्या पुढें निघून जाई. आणि नाळीवर फुटणाऱ्या लाटा ती जागा फुकट धुऊन काढीत. शेंकडों वर्षें समुद्रानें हें पचविलें, कारण समुद्र अफाट होता आणि जहाजें थोडीं होतीं. आमच्या पिढीला आगगाडीच्या डब्यांतील ती पाटी आठवत असेल, गाडी स्थानकांत उभी असतां शौचकूपाचा उपयोग करूं नये असें बजावणारी. खालचा रूळ कोणाच्या तरी दारावरून जातो हें स्थानकांत आठवावें आणि गाडी सुटली कीं विसरावें, इतकाच तिचा अर्थ होता. आतां तेथेंही डब्यांखालीं जैविक टाक्या बसल्या आहेत. नौकांचेंही तसेंच झालें. सुटीच्या दिवशीं एकाच उथळ खाडींत पन्नास नौका नांगर टाकून राहूं लागल्या, मुलें त्याच पाण्यांत पोहूं लागलीं, आणि दृष्टिआड होण्यास जागाच उरली नाहीं.

१९७२ च्या जलशुद्धीच्या कायद्यान्वयें अमेरिकेच्या किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आंत, तसेंच उपसागरांत व खाड्यांत, नौकेंतून कच्चा मैला सोडण्यास मनाई आहे. चेसापीकचें सारें पाणी या मनाईंत येतें. आमच्या गांवाहून उपसागराचें मुख शंभराहून अधिक मैल दूर. ताशीं पांच मैलांच्या चालीनें जवळ जवळ एक अहोरात्र नौका हांकावी, तेव्हां कोठें कायद्याच्या बाहेर पडतां येईल. शौचासाठीं इतका प्रवास कोणींही करणार नाहीं. मोठ्या जहाजांसाठींचे आंतरराष्ट्रीय नियम २००३ सालीं अमलांत आले. त्यांतही कच्चा मैला सोडावयाचा तर किनाऱ्यापासून बारा सागरी मैल दूर जाऊन, चालत्या जहाजांतून, हळूहळू सोडावा असें सांगितलें आहे.

हें कायद्याचें निव्वळ अवडंबर नव्हे. कालवें दिवसभर पाणी गाळीत असतात आणि त्यांतील जंतु त्यांच्या अंगांत सांठतात. १९२४-२५ च्या हिवाळ्यांत शिकागो, न्यूयॉर्क व वॉशिंग्टन या शहरांत विषमज्वराची सांथ आली; सुमारें १,५०० माणसें आजारी पडलीं आणि सुमारें १५० दगावलीं. दोष निघाला मैल्यानें दूषित झालेल्या पाण्यांतील कालवांचा. त्यानंतर १९२५ सालीं कालवांच्या पाण्यावर देखरेख ठेवण्याची राष्ट्रव्यापी पद्धत सुरू झाली. नौकेंतून पडणारा मैला शहराच्या मानानें थोडा हें खरें. पण कालवाला दोहोंतील भेद कळत नाहीं.

इतकें असूनही, सत्य सांगावयाचें तर, आमचा निर्णय कायद्यानें किंवा कालवांनीं झाला नाहीं. तो आमच्या आईमुळें झाला. आईचें वय अठ्ठ्याहत्तर. दर उन्हाळ्यांत ती पुण्याहून चार-पांच महिने आमच्याकडे येते. नौका घेण्यापूर्वींच्या वर्षीं एका स्नेह्यांच्या नौकेवर आम्ही सारीं दिवसभर हिंडावयास गेलों होतों. ऊन मी म्हणत होतें. पण आईनें सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाहीं. सरबताचा पेला तिनें बराच वेळ हातांत धरून ठेवला आणि पुढें तसाच परत दिला. विचारलें तेव्हां म्हणाली, "तहान नाहीं रे." खरें कारण तिच्या सुनेनें ओळखलें. त्या नौकेवरील सोय म्हणजे पडद्याआड ठेवलेली एक पेटी होती. आईनें आयुष्यभर हेंच केलें होतें, एस. टी. च्या प्रवासांत, लग्नाच्या वऱ्हाडांत, आगगाडीच्या गर्दींत. प्रवासाला निघावयाचें म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी तोडावयाचें, हा आमच्याकडील बायकांचा कोठेंही न लिहिलेला पण कसोशीनें पाळला जाणारा नियम आहे. त्या सहलीनंतर चार दिवसांनीं तिला मूत्रमार्गाचा दाह झाला आणि सडकून ताप भरला. डॉक्टरांनीं औषध दिलें, आणि भरपूर पाणी पीत जा म्हणून सांगितलें. त्या रात्रीं आमच्या घरांत ठरलें कीं, ज्या नौकेवर आईला निर्धास्तपणें पाणी पितां येणार नाहीं, ती कितीही देखणी वा वेगवान असली तरी आमच्या कामाची नव्हे. पुढें बाजारांतील प्रत्येक वस्तु आम्हीं याच एका कसोटीवर घांसून पाहिली.

बाजारांत मुख्यतः चार प्रकार मिळतात. पहिला, उचलून नेण्याची पेटी. वरच्या कप्प्यांत स्वच्छ पाणी, खालच्या कप्प्यांत मैला, आणि मध्यें सरकती झडप. नौकेच्या बुडाला भोंक नको, नळ्या नकोत, किंमतही बेताची. पण खालचा कप्पा वीस लिटरांच्या आसपासचा. भरला म्हणजे वीस किलोंचें तें ओझें हलत्या नौकेवरून व अरुंद धक्क्यावरून लोकांदेखत न्यावयाचें. दोन तरुण माणसांना एका रात्रीपुरती ही पेटी उत्तम आहे. आई मात्र म्हणाली, "माझ्यामागून तूं हें वाहत जाणार असशील, तर मी आपली घरींच बरी." म्हणजे पाणी पुनः तुटलेंच.

दुसरा प्रकार, विजेनें मैला निर्जंतुक करणारें यंत्र. यांत मैला बारीक दळतात व खाऱ्या पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडतात. त्या योगें मिठापासून क्लोरीनयुक्त द्रव्य तयार होऊन जंतु मरतात. कल्पना चतुर आहे. परंतु चेसापीकच्या वरच्या भागांत नद्यांचें गोडें पाणी इतकें मिसळतें कीं मीठ वेगळें घालावें लागतें. लहान नौकेच्या विद्युत्-घटांना हा भार जड जातो. आणि ज्या पाण्यांत कांहींच सोडूं नये असा नियम आहे, तेथें या यंत्रांतून निघालेलें पाणीही चालत नाहीं.

तिसरा प्रकार, कोरडा शौचकूप. याच्या भक्तांचा एक पंथच आहे, आणि पंथाच्या लोकांना असतो तसा त्यांना उत्साहही असतो. यांत मूत्र पुढच्या भांड्यांत व मल मागच्या पेटींत, असे दोन्ही वेगळे ठेवतात. मागच्या पेटींत नारळाच्या सोडणाचा भुसा घालून दांडा फिरवावयाचा. एक चिमुकला पंखा ओलसर हवा बाहेर नेतो. दोन्ही एकत्र झाले म्हणजे घाण सुटते, वेगळे राहिले तर मातीसारखा वास येतो. हें अगदीं खरें आहे. एका परिचितांच्या नौकेवर आम्हीं स्वतः अनुभव घेतला. याला लोक खत करणारा शौचकूप म्हणतात; पण खरें खत होण्यास कैक महिने लागतात, नौकेवर होतें तें केवळ वाळवण. मूत्राचें भांडें तर दिवसा-दोन दिवसांनीं किनाऱ्यावर नेऊन रितें करावें लागतेंच. कोंकणांत ज्या सोडणांच्या राशी परसांत पडतात, त्यांच्या भुशाच्या विटांना येथें डॉलर मोजावे लागतात, याची आईला भारी गंमत वाटली.

या प्रकाराचा आम्हांस मोह पडला होता. परंतु तो एका प्रश्नावर अडला, आणि आमच्या वाचनांतील इंग्रजी पुस्तकांत तो प्रश्न कोठेंच नव्हता. कोरड्या शौचकूपांत पाणी पडतां कामा नये. ज्यांचें काम कागदानें भागतें त्यांना हा नियम जाचत नाहीं. ज्या घरांत तांब्या लागतो, त्या घरांत तो पहिल्याच सकाळीं मोडतो. आईला या वयांत कागदाची दीक्षा देण्याचा विचारही आम्हीं केला नाहीं. उलट, पंपाच्या शौचकूपाचा मोठा शत्रु कागदच. त्याचा बोळा पंपाच्या झडपेंत अडकला कीं यजमानाला बाह्या सरसावून बसावें लागतें, आणि मग कोणाचीही सहल सुखाची होत नाहीं. म्हणजे ज्या संवयीमुळें एक यंत्र आम्हांस निरुपयोगी ठरलें, तीच दुसऱ्या यंत्राला हितकर होती. यंत्र निवडतांना माणसाच्या संवयी आधीं पाहाव्या आणि त्याची जाहिरात मागून वाचावी, हा धडा येथें मिळाला.

उरला चौथा प्रकार: भांडें, हातपंप आणि मैला सांठविणारी टाकी. टाकी भरली म्हणजे धक्क्यावर जावें आणि तेथील पंपानें ती उपसून घ्यावी. १९९२ सालच्या एका कायद्यानें अशा उपसा-पंपांना सरकारी साहाय्य मिळूं लागलें, आणि आज चेसापीकच्या कांठीं ते जागोजाग आहेत. उपसलेला मैला तेथून शुद्धिकेंद्रांत जातो. आमची कसोटी याला लागू पडली. वापरणाऱ्याला घरच्यासारखेंच बसतां येतें, आणि मागून कोणी पेटी वाहून नेतांना दिसत नाहीं.

टाकी किती मोठी असावी, याचा हिशेब सौ. नीं मांडला. माणसें तीन. दिवसांतून प्रत्येकाचे सहा फेरे धरले तर अठरा. आईच्या खात्यांत तिनें न बोलतां आणखी दोन लिहिले, वीस झाले. प्रत्येक फेऱ्यास पंपाचें पाणी दीड लिटर, म्हणजे ३० लिटर. मनुष्याचें स्वतःचें दिवसाला दीड लिटरांच्या आसपास, म्हणजे तिघांचें साडेचार. तांब्याचें पाणी तीन लिटर. एकूण साडेसदतीस, दोन दिवसांचे ७५ लिटर. याहून मोठी टाकी कां नको, असें कोणी विचारील. ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. एक धडधाकट गृहस्थ नौकेच्या पोटांत एका जागीं कायमचा बसवावा तसें तें वजन होतें. तो एका अंगाला बसला तर नौका त्या अंगाला कलते, अगदीं पुढें बसला तर ती नाळ लाटेंत खुपसते. म्हणून टाकी शक्य तितकी मध्यभागीं व खालीं ठेवावी लागते, आणि शक्य तितकी म्हणजे किती, हें जुन्या नौकेंत फुटपट्टी घेऊन पालथें पडल्यावांचून कळत नाहीं. टाकी जाड प्लॅस्टिकची निवडली. न गंजणारें म्हणविणारें पोलादही मूत्रापुढें टिकत नाहीं, सांध्यांपाशीं झिरपूं लागतें. आणि लवचीक पिशव्या नौकेच्या हेलकाव्यांनीं घांसून फाटतात.

राहिला दुर्गंधाचा प्रश्न. नौकेंत शिरतांच जो वास येतो त्याचें खापर लोक टाकीवर फोडतात. पण पुष्कळदां गुन्हेगार नळी असते. तिच्यांत मैला तुंबून राहिला कीं कालांतरानें वास तिच्या अंगांतून पाझरूं लागतो. याची परीक्षा सोपी आहे. ऊन पाण्यांत फडकें भिजवून पिळावें, नळीभोंवतीं गुंडाळावें, आणि निवल्यावर हुंगावें. फडक्याला वास लागला असेल तर नळी बदलावी. आमच्या सर्व जुन्या नळ्या या परीक्षेंत नापास झाल्या. नव्या नळ्या सखोल वळणें टाळून बसविल्या, म्हणजे कांहीं सांचून राहूं नये. टाकीच्या श्वासाची नळीही रुंद आणि सरळ ठेवली. हवा खेळती राहिली तर प्राणवायूवर जगणारे जंतु आपलें काम निमूटपणें करतात, कोंडली तर दुसरे जंतु माजतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. घरीं परततांना धुण्याच्या भांड्यांतील गोडें पाणी दोन-तीनदां पंपांतून घालावें, कारण नळ्यांत सांचलेलें समुद्राचें पाणीही आठवडाभरांत कुजतें. मुतखड्यासारखा क्षार धरूं नये म्हणून मधून मधून थोडा शिरका घालावा, म्हणजे झालें.

एक गोष्ट मात्र वासाची नव्हे, प्राणाची आहे. शौचकूपाचें भांडें बहुधा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखालीं असतें. पाणी आणणारी नळी पातळीच्या बरीच वर चढवून, तिच्या कमानीवर हवा घेणारी झडप बसविली नाहीं, तर समुद्र आपोआप आंत ओढला जातो, आणि मालक बाजारांतून परत येईपर्यंत नौका तळाला जाऊं शकते. शौचकूपानें जहाज बुडूं शकतें याला इतिहासाची साक्ष आहे. १४ एप्रिल १९४५ रोजीं 'यू-१२०६' ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ बुडाली. खोल पाण्यांतही चालणाऱ्या तिच्या शौचकूपांतून समुद्राचें पाणी आंत शिरलें, तें खालच्या विद्युत्-घटांवर पडून क्लोरीन वायु सुटला, आणि पाणबुडी पृष्ठभागावर आणून सोडून द्यावी लागली. म्हणून नौकेवरून उतरतांना दोन्ही भोंकांच्या तोट्या बंद करण्याचा नेम आम्हीं घालून घेतला आहे, रात्रीं घराचें दार लावावें तसा.

कोठडींत सौ. नीं तीन लहान गोष्टी मागून घेतल्या: उठतां-बसतां धरावयास भक्कम दांडी, आंतून लागणारी कडी, आणि हेलकाव्यांत न सांडणारा तांब्या. पितळेचा तांब्या नौका कलतांच खणखणाट करीत लोळूं लागतो. म्हणून कान असलेला साधा मग आंकड्याला टांगला. पहिल्या सहलींत आईनें दुपारपर्यंत तीन पेले पाणी घेतलें, आणि मग सूनबाईला चहा टाकावयास सांगितला. आमच्या लेखीं टाकीची सारी किंमत त्या चहांत वसूल झाली.

टाकी उपसण्याची वेळ रविवारीं दुपारीं येते. हातमोजे घालून नौकेवरचें झांकण उघडावें, धक्क्यावरील नळी घट्ट बसवावी, आणि तिच्यांतील पारदर्शक तुकड्यांतून स्वच्छ पाणी दिसेपर्यंत पंप चालूं ठेवावा. पांच-दहा मिनिटांचें काम. आई बांकावर बसून तें नीट पाहत होती. घरीं आल्यावर ती म्हणाली, "आमच्या वाड्यांत टोपलीचे संडास होते. मागच्या बोळांतून एक बाई येई, सकाळीं, आमचीं दारें बंद असतांना. बारा वर्षें मी तिच्या पावलांचा आवाज ऐकला. तिचें नांव काय, हें मला ठाऊक नाहीं, कोणालाच नव्हतें." इतकें बोलून ती देवघरांत गेली.

आम्हीं यावर पुष्कळ विचार केला. १९३२ च्या डिसेंबरांत रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं भंगीकाम स्वतः करावयास मिळावें म्हणून उपोषण आरंभिलें, आणि येरवड्यास गांधीजींनीं त्यांस साथ दिली. हातानें मैला उचलण्यास बंदी करणारे कायदे भारतांत १९९३ आणि २०१३ सालीं झाले. तरी गटारांत उतरलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येतच असतात. घरांत आपण सांखळी ओढतों, आणि पुढें काय होतें हें ठाऊक नसणें यालाच आपण स्वच्छता म्हणतों. नौकेवर ही सोय नाहीं. तेथें मागचा बोळ नसतो आणि बंद दाराआड येणारें दुसरें कोणी नसतें. आपण काय सांठविलें, किती सांठविलें आणि तें कोणाच्या हातून कोठें गेलें, हें तेथें लिटरांच्या हिशेबानें समजतें. नौकेनें आम्हांस वाऱ्याविषयीं बरेंच शिकविलें; पण हें शिक्षण आम्ही त्याहून मोलाचें समजतों.

ज्या वाचकांना पुढें कधीं अशी निवड करावयाची असेल, त्यांस आमचें सांगणें थोडें आहे. दुकानदार नौकेची लांबी आणि आपलें खिसापाकीट विचारतो. आपण मात्र स्वतःला तीन प्रश्न विचारावे, आणि ते याच क्रमानें: हें कोण वापरणार, हें कोण उपसणार, आणि हें शेवटीं कोठें जाणार. पहिल्याचें उत्तर देतांना घरांतील सर्वांत वृद्ध माणसाचें नांव घ्यावें, दुसऱ्याचें देतांना स्वतःचें. मग तिसऱ्याचें उत्तर शोधण्याचा कंटाळा येत नाहीं.